सतरा होड्या

लोकांना विचारल्याशिवाय लोकांचं भलं करू नये, हे लोकशाहीचं पहिलं तत्त्व आहे. (दुसरं तत्त्व असं की, काय करायचं ते विचारण्याआधीच ठरवून ठेवावं, म्हणजे विचारताना घोळ होत नाही.) ही दोन्ही तत्त्वं पाळायला १९६२च्या चैत्रात एक साहेब जीपमधून तापीकाठच्या कुंभारवेल गावी उतरले.

सोबत छापील अर्ज होता : 'सागरी पूरसंरक्षक भिंतीबाबत स्थानिक जनतेचा कौल.' आता समुद्र कुंभारवेलपासून शंभर मैलांवर, आणि आजवर तो एकदाही गावात आलेला नाही. येतो तो तापीचा पूर. पण कोकणाकरता अर्ज जरा जास्तच छापले गेले होते, आणि सरकारी कागद वाया जाणं हे पुरापेक्षा वाईट!

सभा पिंपळाच्या पारावर भरली. अर्जातली उत्तरं लिहायला जसोदाला बसवलं. ती नववीत, सरपंच बन्सीलालआबांची नात, आणि न अडखळता शुद्ध मराठी बोलणारी गावात एकटीच (मास्तर धरून).

भरतीचं पाणी दिवसातून कितीदा येतं? येत नाही. नारळाची किती झाडं जातील? एकही नाही. मिठागरं किती बुडतील? शून्य. साहेब भलतेच खूश झाले. इतक्या कमी नुकसानीची भिंत त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

मग नकाशा उलगडला. भिंतीची तांबडी रेघ आबांच्या केळीच्या बागेला प्रदक्षिणा घालून पुढे गेली होती. गाव आत, बागा आत, मारुतीसुद्धा आत. नदीच्या बाजूला उरला फक्त भिल्लांचा पाडा, सतरा झोपड्यांचा.

"जसोदा," पाड्यातली तिची मैत्रीण फुली मागून कुजबुजली, "आमना पाडा कोठे शे? भितीना मझार का बाहेर?"

जसोदाने नकाशा उलटा धरून पाहिला. तरीही पाडा बाहेरच होता.

नियमाप्रमाणे बायकांचा कौल वेगळा घ्यायचा होता. साहेब म्हणाले, "भिंत मान्य असेल त्यांनी हात वर करावा." नेमके तेव्हाच आबा साहेबांना चहा द्यायला बायकांसमोरून निघाले. आबा म्हणजे अख्ख्या भावकीचे सासरे. सासरा दिसला की सुनेने पदर नाकापर्यंत ओढायचा, याला इकडे लाज काढणं म्हणतात. त्रेचाळीस सुना, त्रेचाळीस हात, सगळे झपकन डोक्याकडे!

साहेबांनी मोजले. खात्रीकरता त्यांनी पुन्हा विचारलं, तोवर आबा रिकामा कप घेऊन परत निघाले होते. पुन्हा त्रेचाळीस. (फेरमोजणीत इतका तंतोतंत मेळ म्हणे आजवर कुठेच बसला नव्हता.)

पदराआडून धनुबाईने विचारलं, "काय इचारी ऱ्हायना वं तो?"

जसोदा ताडकन हात वर करून उठली. "साहेब, त्या लाज काढताहेत! मत देत नाहीत!"

"चव्वेचाळीस," साहेब म्हणाले. "आणि पोरी, हात का वर केला, ते लिहायला अर्जात रकाना आहे का?"

नव्हता.

"आन् आमना पाडा?" फुलीने हात वर करून विचारलं.

"पंचेचाळीस."

झोपड्यांनाही रकाना नव्हता. आणि जे रकान्यात नाही ते सरकारला दिसत नाही, हे नववीतल्या मुलीला कुणी सांगायला नको. तिने अर्ज वरपासून खालपर्यंत चाळला. अकराव्या प्रश्नावर तिचे डोळेच लकाकले : 'किनाऱ्यावरील होड्या.' तिने ठसठशीत लिहिलं, 'सतरा. आत माणसं, शहाण्णव.' (हे खोटं म्हणता येणार नाही. पुरात झोपडी तरंगतेच; थोडा वेळ.)

आता पाडा सरकारदरबारी पोचला! जसोदा त्या दिवशी इतक्या तोऱ्यात घरी गेली, की चपला पारावरच विसरली.

ज्येष्ठात उत्तर आलं. जसोदाने ते पाड्यात जाऊन फुलीला वाचून दाखवलं :

'सतरा होड्यांची गांभीर्याने नोंद घेण्यात आली आहे. होड्या पाण्याच्या बाजूस असणेच उचित होय. त्या भिंतीच्या आत घेतल्यास मालकांची गैरसोय होईल. सबब, रेघ कायम. जनतेचा कौल : एकमताने मान्य.'

जसोदाने ते तीनदा वाचलं.

"मंग वल्हं बी धाडी देतात ना!" फुली खो खो हसली. मग उठून, नदी किती लांब आहे ते उगाच पावलांनी मोजून आली. साठ भरली.

पत्राखाली बारीक टीप होती : 'ज्या व्यक्तीचा हात मोजला गेलेला नाही, अशा व्यक्तीसच हरकत घेता येईल. मुदत, तापीला पाणी चढेपर्यंत.' जसोदाने गावभर शोधलं. सुनांचे हात मोजलेले, तिचा मोजलेला, फुलीचा मोजलेला. पाड्यातले बाकीचे कागदावर होड्यांत बसलेले, म्हणजे गावाचे रहिवासीच नव्हते. पुरुषांना तर विचारायचंच राहिलं होतं; पण त्यांच्या केळी आत होत्या, त्यामुळे त्यांना हरकत सुचत नव्हती.

म्हणून तर ही हकीकत आपल्यापर्यंत आणली आहे. आपण परगावचे, सुशिक्षित, केळीशी संबंध नसलेले. मनातून थोडे हळहळलेलेही. पाड्याची सगळी भिस्त आता आपल्यावर.

पण हे पान नीट दिसावं म्हणून आपण ते हातात उचलून धरलंय ना? तेच तर. साहेब मघापासून पाहताहेत.

शेहेचाळीस.