शिवणीवरून ओळख

मिलिंद माणसाला त्याच्या पँटीवरून ओळखायचा. चेहऱ्याकडे तो बघतच नसे.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो, तो चेकिंगला. शिवलेला प्रत्येक नग त्याच्या हाताखालून जायचा. पॅकिंगच्या टेबलापाशी उभा असलो की तो मला बरोबर 'देसले' म्हणे. रस्त्यात भेटलो की आधी मान खाली, माझ्या खिशाकडे. "दुहेरी शिलाई, डावीकडे वाकडी. देसले."

एकदा मी नवी पँट घालून सासऱ्यांबरोबर अंबरनाथच्या बाजारात निघालो होतो. समोरून मिलिंद. मी हौसेनं हाक मारली. त्यानं पँट नीट न्याहाळली आणि विचारलं, "आपण कोण?" सहा वर्षं एका छताखाली काढली होती आम्ही. आपला जावई खरंच नोकरीला आहे की नाही, अशी शंका सासऱ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली. मला भयंकर राग आला.

"टाका सुटलाय" हे त्याचं लाडकं वाक्य. आमच्या सिंधी शेठनी एकदा दिल्लीचा मोठा व्यापारी आणला. व्यापारी ऐटीत माल बघतोय आणि मिलिंद वाकून त्याच्या पँटीची पायाजवळची मोहरी बघतोय. "टाका छूटा है. उतारो." शेठनी कपाळाला हात लावून मिलिंदला म्हटलं, "साईं, ये आदमी है. इसको छोड़, माल देख." व्यापारी हसला म्हणून निभावलं.

आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसे. इस्त्रीच्या टेबलावर एकदा कापडानं पेट घेतला. आम्ही सगळे बोंबलत खाली आलो. आग विझल्यावर माणसं मोजली तर मिलिंद नाही. धावत वर गेलो, तर हा नगावरची काजळी झटकून शिवण तपासतोय. "जेवणाची सुट्टी आज लवकर झाली का?" म्हणाला.

हल्ली माझ्या भाचीच्या शाळेतल्या मॅडम अशा मुलांना 'स्वमग्न' म्हणतात. तेव्हा, दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत, हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही 'सटकलाय' म्हणायचो आणि कामाला लागायचो.

बुवापाड्यात तो आणि त्याची आई, दोघंच राहायचे. दोन वर्षांपासून म्हातारीचं विसरणं वाढलं होतं. एके दिवशी शेजारणीचा कारखान्यात फोन आला, की आई सकाळीच दार उघडं टाकून कुठे तरी निघून गेली. शेठनी मला त्याच्याबरोबर धाडलं.

चौकीत हवालदारांनी फोटो मागितला. फोटो नव्हता. "बरं, दिसायला कशा आहेत?"

"साडी हिरवी. फॉल मी लावलाय, इंचाला पाच टाके. डाव्या पायाकडे चार बोटं झिजलाय, ती डावा पाय ओढते. ब्लाउजला बटणं आहेत. हुक तिच्या बोटांना जमत नाहीत, म्हणून मी बदलले."

"अहो, तोंड कसं आहे ते सांगा."

"ते नाही सांगता येणार."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोराला आईचं तोंड सांगता येऊ नये?

शोधत शोधत आम्ही भाजीबाजारात आलो. वांगणीकडच्या बायका रानभाज्या घेऊन ओळीनं बसल्या होत्या, त्यांत चार-पाच म्हाताऱ्या. मिलिंद खाली मान घालून साड्यांचे काठ बघत चालला.

"काय बगतंस रं पायाखाली?" एकीनं दरडावलं.

तो पुढे गेला आणि हिरव्या साडीपाशी थांबला. त्या बायकांनी म्हातारीला आपल्यातच बसवून घेतलं होतं, चहा पाजला होता. "सकालपासून बसलीय," शेजारची म्हणाली. "घर कुठं तं सांगतच नाय."

मिलिंद आईसमोर उकिडवा बसला. "आई, चल."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "कोण रे तू?"

मी मान फिरवली. त्यानं हे ऐकायला नको होतं असं वाटलं. मिलिंदच्या आवाजात मात्र काहीच फरक पडला नाही.

"असू दे, आई. मला पण तोंडं लक्षात राहत नाहीत. मी मिलिंद. तू विचारत जा, मी सांगत जाईन."

बुवापाड्यापर्यंत तिनं दहा-बारा वेळा विचारलं. प्रत्येक वेळी तो थांबला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखं त्यानं आपलं नाव सांगितलं.