गाडी सुरू न होण्याची तीन कारणं

इंजिन फिरतंय पण गाडी सुरू होत नाही, याची जगात तीनच कारणं असतात. पेट्रोल नाही, हवा नाही, नाहीतर ठिणगी नाही. चौथं कारण अजून जन्माला आलेलं नाही!

हे मी रविवारी सकाळी आमच्या केळव्याच्या अंगणात, गाडीत बसलेल्या चार बायकांना ऐकवलं. गाडी तोवर सुरू झालेली नव्हती.

त्या चार बायका म्हणजे एक अख्खं भजनी मंडळ. पुढे आमची मंदा, टाळ घेऊन. मागे मांडीवर पेटी घेतलेल्या सोजराबाई, तबल्याला बाळासारखं धरून बसलेली प्रियंका आणि खंजिरीवाली रूपल. बोईसरला भजनस्पर्धा होती. मंडळ गावाबाहेर पहिल्यांदाच गाणार होतं. चौघींनी एकसारख्या मोरपंखी साड्या घेतल्या होत्या आणि दहाला हजर नसलेल्या मंडळाचं नाव कटणार होतं. मंदाने रिक्षा सांगून ठेवली होती. ती मी रद्द करवली. "घरात गाडी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील!"

लोक आता कुंपणावरून बघत होते.

एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. गाडीची मूळ चावी फार जाडी. झब्ब्याच्या खिशात ठेवली की बटाटा चोरून आणल्यासारखं दिसतं. म्हणून आदल्याच दिवशी मी बोईसरच्या चावीवाल्याकडून छान सडपातळ चावी करून आणली. "साहब, दरवाजा खुलेगा, सेल्फ भी घूमेगा। आगे का हम नहीं बोलते," तो म्हणाला होता. मला वाटलं, माणूस अध्यात्माकडे झुकलेला आहे. घरी येऊन जाडी चावी मंदाकडे देऊन टाकली.

"अहो, ती जाडी चावी..." मंदा म्हणाली.

"मंदा, दार उघडलं? इंजिन फिरलं? मग चावीचं काम संपलं! आता प्रश्न इंजिनाचा आहे."

पहिलं कारण, पेट्रोल. काटा अर्ध्यावर होता. पण काट्याच्या शब्दावर विसंबणाऱ्यांतला मी नव्हे. मी मागून गाडी धरून गदागदा हलवली आणि कान लावला. आतून डुचुक डुचुक आवाज आला. पाठोपाठ पेटीने एक लांब सूर सोडला.

"भावजी, माझ्या पोटात ढवळायला लागलं!" सोजराबाई ओरडल्या.

"पेट्रोल आहे!" मी जाहीर केलं.

दुसरं कारण, हवा. बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा उघडला आणि काय सांगू! आत सुपाऱ्या! कुण्या उंदराने आमच्याच वाडीतल्या सुपाऱ्या लग्नघरासारख्या रचून ठेवल्या होत्या. ऑपरेशननंतर डॉक्टर नातेवाइकांना मुतखडा दाखवतात, तशी एकेक सुपारी मी काचेसमोर धरून दाखवली.

"गाडीचं नाक चोंदलं होतं! आता बघा!"

खुर्र... खुर्र... खुर्र...

"एवढ्यात आपण एसटीने पालघरला पोचलो असतो," रूपल म्हणाली. अगदी हळू. म्हणजे मला ऐकू येईल इतकंच हळू.

"अहो, मी काय म्हणते, ती जाडी..."

"मंदा! अजून तिसरं कारण बाकी आहे!"

तिसरं कारण, ठिणगी. ती बघायला प्लग काढावा लागतो आणि प्लग काढायला पाना लागतो. पाना माझ्याकडे होता. नळाचा. तेव्हा मी एक नवा सिद्धांत मांडला: गाडीला धक्का मारला की ठिणगी आपोआप पडते.

चौघी उतरल्या, पदर खोचले आणि ढकलायला लागल्या. मी अर्थातच स्टिअरिंगवर. कुणीतरी बसावं लागतंच. मागून मंदाचा आवाज येत होता, "अहो, ती चावी...", पण अशा वेळी चालकाने लक्ष विचलित होऊ द्यायचं नसतं. मोरपंखी धक्क्याने गाडी फाटकाबाहेर गेली, गल्लीत आडवी झाली आणि तिथेच तिने बैठक मारली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. शेजारचा गोमा, नारळांनी भरलेला टेम्पो घेऊन.

"काय काका, गाडी धुवाला काढली काय?"

"ठिणगीचा प्रॉब्लेम आहे."

"असू दे. पन आमी जावाचा कुठून? बोईसरला माल टाकायचा हाय."

बोईसर म्हटल्याबरोबर चार माना एकदम वळल्या.

मग गाडी कडेला ढकलली गेली. हा धक्का त्यांनी मला न विचारता मारला आणि तो पहिल्यापेक्षा जोरदार होता. पेटी, तबला, डग्गा नारळांवर चढले, पाठोपाठ चौघी. मंदाने गाडीतून पर्स घेतली, टाळ घेतले आणि डॅशबोर्डवरचे बाप्पा अलगद उचलले.

"बाप्पांना कुठे नेतेस?"

"स्पर्धेला. इथे बसवून त्यांचा तरी खोळंबा कशाला?"

"काका, तुमी नाय येत? नारलांवर जागा हाय," गोमा म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. मी गाडीने येतोच."

टेम्पो शेजारच्या माहीम गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत हसण्याचा आवाज येत होता.

मी गाडीत एकटा बसलो. समोर बाप्पांची जागा मोकळी. आणि तिथे एक लाल दिवा लुकलुकत होता! गाडी घेतल्यापासून तो लुकलुकायचा, म्हणून मीच त्याच्यापुढे बाप्पांना बसवलं होतं. आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. दिव्यावर चित्र होतं. चावीचं.

मला चावीवाल्याचं अध्यात्म आठवलं. मूळ चावीच्या जाड्या डोक्यात एक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन सुरू होतं, नाहीतर नुसतं फिरत राहतं. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. या क्षणापर्यंत त्याची गरज पडली नव्हती, इतकंच.

घरात कपाट पाहिलं, फडताळ पाहिलं, फ्रिजच्या डोक्यावर पाहिलं. जाडी चावी कुठेच नाही. दुपारी शेवटी मंदाला फोन लावला.

"अहो, दुसरा नंबर! ढाल मिळाली! सोजराबाई तर रडतायत!"

"वा! अभिनंदन! मंदा, ती जाडी चावी..."

"माझ्या पर्समध्ये आहे. सकाळपासून दुसरं काय सांगत होते?"

"हं. मग येताना ती जरा... बाकीच्यांना न दाखवता..."

"फोन स्पीकरवर आहे."

पलीकडे खंजिरी खणखणली. रूपलच ती.

चौथं कारण जन्माला आलं होतं, आणि पर्समध्ये बसून बोईसर बघत होतं.

"चावी आणते मी," मंदा समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही एवढंच करा. सगळ्या जेवायला आपल्याकडेच येतायत. कुकर तेवढा लावून ठेवा. तीनच शिट्ट्या हं. चौथी होऊ देऊ नका."