पुलाबाबत उमेदवाराची भूमिका

बीव्हर ओढ्यावरच्या पुलाचा मधला भाग वसंतातल्या पुरात वाहून गेला, तेव्हा गव्हर्नरपदाची निवडणूक तोंडावर आली होती. त्यामुळे पुलाचं काही करण्यापूर्वी पुलाबाबत भूमिका ठरणं आवश्यक होतं.

आमचं हॅडली हे गाव अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मक्याच्या शेतांमध्ये आहे. ओढ्याच्या अलीकडे शाळा आणि पलीकडे शाळेतली निम्मी मुलं, अशी आमची रचना. वर्ना कोस्मिकी शाळेची बस चालवते. पूल गेल्यापासून तिला हमरस्त्यानं मोठा वळसा पडू लागला आणि मुलं अंधारात घर सोडू लागली. दोन कुटुंबांनी पोरांची नावं शेजारच्या गावातल्या शाळेत घातली. आणखी थोडी मुलं गेली, तर पट कमी म्हणून आमची शाळा नियमाप्रमाणे बंद होणार होती.

जूनमध्ये उमेदवार वेंडल ऑस्टगार्ड आमच्या अग्निशमन केंद्रातल्या सार्वजनिक न्याहारीला पॅनकेक खायला आले. राज्यापुढच्या प्रमुख प्रश्नांवर ते बोलले. शेतीच्या ते बाजूनं होते, आजारपणाच्या विरोधात होते, आणि मुलांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. मग वर्ना उठली.

"साहेब, निवडून आलात तर आमचा पूल बांधणार का?"

"हो," वेंडल म्हणाले.

त्यांच्या प्रचारप्रमुख प्रिसिला लुंड यांचा कॉफीचा कप ओठांजवळच थांबला. नंतर मी माझ्या गाडीत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या गाडीतलं बोलणं ऐकू आलं.

"हो? नुसतं हो?"

"अगं, तिनं विचारलं बांधणार का. मला वाटलं..."

"वाटण्यासाठी आपण माणसं नेमलीत, वेंडल. त्यांना पगार देतो आपण."

दुसऱ्या दिवशी खुलासा आला. 'हो' हा शब्द व्यापक अर्थानं वापरला होता, त्याचा विशिष्ट पुलाशी संबंध जोडू नये, असं त्यात म्हटलं होतं. खुलाशाला कारणही होतं. वळशाच्या रस्त्यावर आर्लो बेनिशचा पेट्रोलपंप आहे. पूल गेल्यापासून त्याचा धंदा इतका वाढला होता की त्यानं पंपावर सँडविच ठेवायला सुरुवात केली होती आणि 'पुलाची घाई नको' अशी पाटीही लावली होती. आर्लोला सहा भावंडं, आणि सगळी न चुकता मतदान करणारी.

जुलैच्या जत्रेत वर्नानं वेंडलना पुन्हा गाठलं. त्यांनी आधी तिच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा दुखतो हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण तिला बरं वाटलं. मग ते गंभीरपणे म्हणाले, "वर्नाबाई, पुलाच्या दोन्ही टोकांना माझा पूर्ण पाठिंबा आहे."

"टोकं धड आहेत हो! मधलं गेलंय!"

"मधल्या मार्गावरही आमचा विश्वास आहे," प्रिसिला म्हणाल्या आणि वेंडलना डुकरांच्या स्पर्धेकडे घेऊन गेल्या.

विरुद्ध बाजूच्या उमेदवार ऑगस्टमध्ये तशाच न्याहारीला आल्या. आयुष्यभर रस्तेखात्यात काम केलेली बाई. वर्नानं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "बांधीन. पुढच्या उन्हाळ्यात सुरू करू, थंडीआधी संपवू. पण त्यासाठी पेट्रोलवरचा कर थोडा वाढवावा लागेल."

आम्ही पॅनकेक अर्धवट टाकून उठलो.

"काय उद्धट बाई आहे!" आर्लो म्हणाला. "पहिल्याच भेटीत खर्चाचं काढते!"

मलाही ते पटलं. भूमिका स्पष्ट असावी, पण इतकी नको की आपल्याला ती कळावी.

सप्टेंबरात वेंडलची माणसं जाहिरात करायला आली. पडक्या पुलाच्या मधोमध आपल्या ट्रकपाशी उभं राहून ते राज्याच्या दुरवस्थेवर बोलणार होते. पण ट्रक मधोमध उभा राहायला तिथे पूल हवा. म्हणून ओमाहा शहराहून क्रेन आली, लोखंडी तुळया आल्या, त्यांवर जाड पत्रे आले. सकाळी आलेल्या कामगारांनी दुपारपर्यंत पूल जोडून टाकला.

वर्ना मुलांना घरी सोडायला निघाली होती. तिनं पूल पाहिला, बस थांबवली, खाली उतरून पत्र्यावर उड्या मारल्या आणि सरळ बस पलीकडे नेली. मुलांनी खिडक्यांतून आरडाओरडा केला. वेंडल गोंधळून हात हलवत राहिले. कॅमेरा चालूच होता.

परत आल्यावर वर्ना प्रिसिलांना म्हणाली, "बाई, हे असंच राहू द्या की. भक्कम आहे."

"नाही ठेवता येणार. निवडणुकीआधी मतदारांना पूल दिला, तर ती लाच ठरते."

"मग निवडणुकीनंतर द्या."

"तेव्हा गरज काय उरणार?" प्रिसिलांनी खरोखर न समजून विचारलं.

संध्याकाळी पूल काढून नेला. दुरवस्थेची जाहिरात रद्द झाली, कारण बसची फारच छान आली होती. पिवळी बस, हसणारी मुलं, हात हलवणारे वेंडल, आणि खाली अक्षरं: 'बोलत नाही, करून दाखवतो.' ती महिनाभर राज्यभर टीव्हीवर दिसली. आम्हीही पाहिली. रोज वळसा घालून घरी आल्यावर ती पाहताना छाती भरून यायची. वेंडल मोठ्या फरकानं निवडून आले. हॅडलीत तर विरोधी मतं शोधावी लागली.

जानेवारीत वर्नानं रस्तेखात्याला फोन लावला. तिकडच्या माणसानं बराच वेळ शोधून सांगितलं की बीव्हर ओढ्याचा पूल दुरुस्तीच्या कामांमधून वगळला आहे, कारण तो झाला आहे.

"कुठे झालाय? मी इथे राहते ना!"

"बाई, टीव्हीवर बस तुम्हीच चालवत होता ना?"

"हो, पण..."

"मग?"

मे महिन्यात शाळा बंद झाली. गव्हर्नर वेंडल शाळेच्या निरोपसमारंभाला आले आणि शाळेच्या आठवणींना आपला ठाम पाठिंबा असल्याचं सांगून गेले. वर्ना आता मुलांना दुसऱ्या गावी नेते. परवा आम्ही सगळे आर्लोच्या पंपावर कॉफी पीत सरकारला शिव्या देत होतो. शाळा गेली म्हणून लहान पोरांची कुटुंबंही गाव सोडून जाऊ लागली होती, आणि आर्लोचं सँडविच कोणी घेईना.

"पण मत कुणाला दिलंत?" वर्नानं विचारलं.

सगळे कॉफी पुन्हा भरून घ्यायला उठले.

"तू गं कुणाला दिलंस?" आर्लोनं चिडून विचारलं.

वर्ना गुडघा चोळत राहिली. "त्या रस्तेखात्यातल्या बाईलाच देणार होते रे. खरंच सांगते. पण आत गेले आणि तिचं नावच आठवेना. वेंडलचं पटकन दिसलं."

आम्ही पोट धरून हसलो. ज्या एका बाईनं सरळ उत्तर दिलं, तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मीही तुम्हाला सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही इतक्या वेळात विचारलं नाहीत.