काकूंचं घर समुद्राकडे निघालं तेव्हा

"घर ओढायचं नसतं रे, घराला चालायला सांगायचं असतं."

वडिलांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा त्यांच्या कमरेएवढा होतो, आणि ते बैलांपुढे उलट्या पावलांनी चालत, काठी उंच धरून, टेकडीवरून अख्खं घर उतरवत होते. दक्षिण चिलीतल्या आमच्या चिलोए बेटांवरची माणसं गाव सोडताना घर मागे टाकत नाहीत. शेजारीपाजारी जमतात, घराखाली ओंडके सरकवतात, बैल जुंपतात आणि खिडक्या-पडद्यांसकट घर निघतं. याला मिंगा म्हणतात. मजुरी कोणी घेत नाही, जेवण मात्र कोणी सोडत नाही.

वडिलांना घर चालवता यायचं. मला मोजता येतं. मास्तर आहे मी!

म्हणून एडेल्मिरा काकूंचं घर हलवायचं ठरलं तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, यंदा अंदाजपंचे काही नाही, सगळं मापाने होईल. काकूंचा मुलगा ओनोफ्रे समोरच्या बेटावर राहतो. आईने आपल्याजवळ यावं म्हणून तो किती दिवस मागे लागला होता. घर दुपारच्या भरतीआधी किनाऱ्याला लागलं पाहिजे. तिथून ओनोफ्रे ते होड्यांना बांधून तरंगत पलीकडे नेणार. भरती मोठी होती. ती चुकली तर वसंतापर्यंत समुद्र काही एवढा वर येणार नव्हता.

वाटा दोन. एक दलदलीला वळसा घालून, लांबची पण मोकळी. दुसरी शाळा आणि प्रार्थनामंदिर यांच्या मधून, जवळची पण अरुंद. बैल हाकणाऱ्यांचा म्होरक्या बेलार्मिनो लांबच्या वाटेचं म्हणत होता. मी म्हटलं, थांब, माझी मुलं मोजतील. वर्गात तेव्हा लांबीचं मोजमाप आणि गतीचे प्रकार हेच चाललं होतं. घरच चालायला निघालेलं असताना फळ्यावर चित्रं कोण काढत बसेल?

मुलांनी बोळाची रुंदी फितीने मोजली. मग आम्ही टेकडीवर काकूंकडे गेलो. पाऊस होताच, आमच्याकडे तो नसला तर लोक चौकशी करतात. काकूंनी दार उघडलं.

"भिजता कशाला लेकरांनो? आतून मोजा. भिंत तीच ना?"

भिंत तीच, मीही म्हणालो. आत चूल धगधगत होती आणि तव्यावर बटाट्याच्या जाड भाकऱ्या. मुलांनी एका हाताने फीत धरली, दुसऱ्या हाताने भाकरी. भिंतींची जाडीसुद्धा मी आठवणीने मिळवली, इतका मी काटेकोर! उत्तर आलं: दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. बेलार्मिनोने टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि जवळची वाट कबूल केली.

मिंगाच्या दिवशी आभाळ उघडलं. काकू घराबाहेर यायला तयार होईनात. म्हणाल्या, घराबरोबर मीही जाईन, चूल विझवणार नाही. धुराडं धुरासकट निघालं. दोर ओढणाऱ्यांनी सूर धरला:

*चल रे घरा, हळू उतर,*
*टेकडी सोड, पाणी धर,*
*उंबऱ्याला लागो वारं,*
*माघारी नको वळवू दारं.*

मी मुलांना घेऊन बाजूने चालत होतो. घर पुढे सरकतंय ती सरळ रेषेतली गती. खालचे ओंडके फिरताहेत ती चक्राकार.

"आणि मागे-पुढे हलणारी?" रोसाउराने विचारलं. वर्गातली सर्वांत लहान, आणि प्रश्न सर्वांत मोठे.

"आंदोलन गती. ती आज बघायला मिळणार नाही."

घर बोळात शिरलं. भिंती अशा अलगद आत गेल्या की मी बेलार्मिनोकडे बघून भुवई उडवली. तेवढ्यात वर कर्रर्र झालं.

छप्पर! पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून ते घराच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेलं होतं. आतून मोजणाऱ्याला ते कुठून दिसणार? एक वळचण शाळेच्या पडवीत घुसली, दुसरी प्रार्थनामंदिराच्या घंटेच्या खांबाला भिडली. घंटा हलली. टण्ण.

"मास्तर, आंदोलन गती," रोसाउरा म्हणाली.

कोणी हसलं नाही. बेलार्मिनोने माझ्याकडे बघितलं, बैल बंद फाटकाकडे बघतो तसं. घर मागे घ्यायला दोर उलटे बांधले. प्रत्येक हिसक्याला वळचण खांबाला धडकायची आणि एकच ठोका पडायचा. टण्ण. मग शांतता. पुन्हा टण्ण. असे संथ, सुटे ठोके आमच्या बेटांवर एकाच कारणासाठी वाजतात: गावात कोणीतरी गेलं.

बायका काळ्या शाली घेऊन धावत आल्या. मिंगाचं जेवण जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजतं, ते तसंच टाकून आचारी आले. कोण गेलं, कोण गेलं? कोणीतरी सांगितलं, ठोके काकूंच्या घरामुळे पडताहेत. किनाऱ्यापर्यंत जाताजाता त्यातलं घर गळलं आणि नुसत्या काकू उरल्या.

इकडे समुद्र उतरायला लागला होता. मी हातात फीत धरून छप्पर मोजत होतो. आता त्याचा काय उपयोग होता, देव जाणे.

ओनोफ्रे होडी सोडून धावत आला, छातीपर्यंत भिजलेला, एका पायात बूट. घरासमोर उभा राहून त्याने "आई" अशी हाक मारली.

खिडकी उघडली. काकूंचे हात पिठाने माखलेले होते.

ओनोफ्रे खिडकीची चौकट धरून हमसून रडला. रडणं संपलं तसा माझ्याकडे वळला. तो जे बोलला ते मुलांच्या मास्तराने लिहू नये. मागे होड्या चिखलात टेकल्या होत्या. मी मान खाली घालून म्हणालो, "चूक माझी. छप्पर मोजायचं राहिलं."

"तुम्ही थांबा, मास्तर." काकूंनी हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि मुलाच्या ओल्या केसांवर ठेवले. "छप्पर किती बाहेर आहे ते मला नाही का ठाऊक? जन्मभर त्याच्या पागोळ्यांखाली बादल्या लावल्यात मी. लेकरांना आत मीच बोलावलं. तुझ्या बेटावर मला नावाने हाक मारणारं कोणी नाही रे. पण तू इतक्या प्रेमाने बोलवायचास, नाही म्हणायला तोंड उघडेना. मला यायचं नव्हतं, ओनोफ्रे."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने.

"मास्तरांच्या मापावर मात्र माझा पहिल्यापासून भरवसा होता."