काळ्या विहिरीतला हात

होळीत गावातली सगळी भुतांची पुस्तकं जाळायची, हा ठराव कासार आंबोलीचे सरपंच हैबतराव यांनी स्वतःच मांडला आणि स्वतःच मंजूर केला. पोरं पौडच्या एस.टी. स्टँडवरून ती पातळ, रंगीत पुस्तकं आणत आणि अभ्यास सोडून वाचत बसत. "असल्यानं पोरं भित्री व्हत्यात," असं म्हणत हैबतरावांनी घरोघर फिरून पोतंभर पुस्तकं जमा केली.

जाळण्याआधी आत काय विष आहे ते पाहावं, म्हणून त्यांनी एक उघडलं. मग दुसरं. तिसऱ्यानंतर ते दिवेलागणीला टमरेल घेऊन दारातच घुटमळू लागले.

"अवो, जाताय नव्हं?" त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी विचारलं.

"जातो की. तू कंदील घिऊन जरा संगं चल. तुलाच मोकळं वारं लागंल."

पुस्तकं जाळायचा धीर आता त्यांना होईना. त्यांनी पोत्यात जुनी पंचांगं आणि रद्दी भरली आणि पुस्तकं गोठ्यामागच्या गोवऱ्यांच्या ढिगात दडवली. रोज दुपारी गुरं बघायच्या निमित्तानं ते तिथं जाऊन बसत.

होळीच्या दिवशी 'काळ्या विहिरीतला हात' अगदी रंगात आलं होतं. विहिरीतून हात वर आला, गोष्टीतल्या पोरांनी तो धरला, बत्ती जवळ नेली, आणि तेवढ्यात चावडीवरून बोलावणं आलं. हैबतरावांनी खुणेला पानात आपला दोऱ्यानं बांधलेला चष्माच ठेवला, पुस्तक ढिगात खुपसलं आणि ते निघाले.

होळीला पोरांनी कुणाच्याही गोवऱ्या पळवाव्यात आणि मालकानं ब्र काढू नये, ही गावची जुनी रीत. भाषणाच्या नादात सरपंच ती साफ विसरले.

संध्याकाळी सगळा गाव जमला. पोतं होळीवर चढलं. हैबतराव हातात पेटता टेंभा घेऊन म्हणाले, "भ्या ही अडाण्याची खूण हाय. ह्या गावात असलं एक पान ऱ्हायलं न्हाई."

तेवढ्यात पोरांनी सरपंचांच्याच गोठ्यामागून पळवलेल्या गोवऱ्यांची पाटी होळीवर उपडी केली. गोवऱ्यांमागून पुस्तकं घरंगळली. सर्वांत वर 'काळ्या विहिरीतला हात' पडलं, आणि त्यातून चष्म्याची काडी बाहेर डोकावत होती. तसला दोऱ्यानं बांधलेला चष्मा गावात एकच होता.

म्हातारा कोंडिबा शांतपणे म्हणाला, "पेटवा की, सरपंच. होळीवर टाकल्यालं माघारी घेत न्हाईत, तुमीच सांगता दरवर्षी."

अब्रू गेलीच होती. चष्मा गेला तर दुसरा करता आला असता. पण शेवट? टेंभ्याची धग हाताला लागली तरी हैबतरावांचा हात पुढं होईना.

"पेटवतो," ते म्हणाले. "पर आधी त्यो हात कुणाचा व्हता, तेवढं बघू द्या."

"कशाला बघताय? मी कालच वाचून काढलं," मागून सारजाबाई म्हणाल्या. "रोज गोवऱ्या आणाया कोण जातंय? गावच्या सरपंचाचा हात हाय त्यो. लोकास्नी भ्या दावून विहिरीतला ठेवा एकलाच लाटत व्हता."

होळीला बोंब मारायची रीत आहेच. त्या वर्षी ती कुणाच्या नावानं मारायची, हे गावाला विचारावं लागलं नाही.