गाणं काढलं

थोरलीने सकाळी पावणेदहाला पार्लरमधून नवऱ्याला निरोप धाडला, ‘दहाला गाणं काढा,’ आणि केस धुवून घ्यायला निर्धास्तपणे मान मागे टाकली.

तिघी बहिणींचा सोल-पॉप गट नऊ वर्षांनी परत येत होता. कंपनीने स्पष्टच सांगितलं होतं, लोकप्रिय गाण्यांच्या आठवड्याच्या यादीत गाणं पहिल्या चाळिसात आलं तर अल्बम, नाहीतर रामराम. धाकट्या दोघींनी तर कधीच हाय खाल्ली होती. थोरलीनेच त्यांना हाताला धरून माइकसमोर उभं केलं होतं. गाणं आपटलं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं.

गाणं इंटरनेटवर चढवायचं काम तिच्या नवऱ्याकडे. हा गृहस्थ लिफ्टचा मेकॅनिक. सांगितलं तेवढंच करायचं, उलट विचारायचं नाही, हा त्याचा बाणा. संसारही त्याने याच बाण्यावर निभावला होता.

साडेदहाला मधलीचा फोन आला. "ताई, गाणं कुठेच सापडत नाहीये. लोकांनी विचारून विचारून पिट्टा पाडलाय."

थोरली ओल्या केसांनी घरी धावली. नवरा शांतपणे चहा पीत होता.

"अहो, गाणं काढलंत ना?"

"काढलं. दहाच्या ठोक्याला."

"मग सापडत का नाही?"

"काढल्यावर कसं सापडेल?"

थोरली मटकन खुर्चीत बसली. नीट वाजतंय का ते बघायला या गृहस्थाने नऊलाच गाणं इंटरनेटवर लावलं होतं. शे-दोनशे लोकांनी ते ऐकलंही होतं. आणि बायकोच्या हुकमाप्रमाणे दहाला त्याने ते काढून टाकलं होतं.

"का काढायचं, ते विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं. पण तू पार्लरमध्ये होतीस."

गाणं परत लावलं, पण तोवर बोभाटा झाला होता. तासाभरात काढलं, म्हणजे त्यात नक्कीच काहीतरी असणार. जो तो कान टवकारून ऐकू लागला. कुणाला धाकटीच्या आलापात शिवी ऐकू आली, कुणाला गाणं उलटं वाजवल्यावर. धाकटीने रडून रडून डोळे सुजवले.

"ताई, मी नुसतं ‘ऊ’ म्हटलं होतं गं."

आठवड्याने कंपनीच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा तिघी एकाच पलंगावर दाटीवाटीने बसल्या होत्या. गाणं एकोणचाळिसावं आलं होतं. थोरलीला इतकं हायसं वाटलं की तिला रडूच फुटलं. धाकट्या दोघी तिच्या गळ्यात पडल्या.

"मग, पुढचं कधी काढताय?" साहेबांनी स्पीकरवरून विचारलं.

"लावल्याशिवाय काढणार कसं?" नवरा कोपऱ्यातून म्हणाला.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"साहेब, शुक्रवारी नऊला लावतो. दहाला काढतो."