बाबारावांचा अंगठा

आमचे शेजारी बाबाराव साठी उलटली तरी पोरासोरांच्या पाया पडत. निदान नवख्या माणसाला तसं वाटे. कोणी दिसला की ते वाकत, त्याच्या नडगीवर अंगठा रोवत, मग अंगठा उचलून खाली काय उरलं ते चष्मा सावरत बघत. खड्डा पडला नसला तर म्हणत, "गुर्दे मस्त हायेत गा तुहे. बस."

इतवारीतल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली होती. मिक्श्चर ढवळता ढवळता डॉक्टरांचा एक धडा त्यांच्या अंगात मुरला. गुर्दे म्हणजे किडनी; ती बिघडली की पाय सुजतात, आणि सुजेवर अंगठा दाबला की खड्डा राहतो. पुढे दवाखाना सुटला, पण खोड काही सुटली नाही.

पुतणीच्या लग्नात भर मांडवात ते व्याह्यांपुढे वाकले. अंगठा टेकतो न टेकतो तोच व्याही गहिवरले आणि "अहो, तुम्ही वडीलधारे," म्हणत त्यांनी बाबारावांना उठवून कडकडून मिठी मारली. मुलीकडची माणसं किती नम्र, म्हणून वरपक्षात वाहवा झाली. बाबाराव तेवढे हिरमुसले होते. "काहून उठवलं गा त्यानं मले? तपासाचं राहूनच गेलं," ते मला म्हणाले.

संध्याकाळी ओट्यावर त्यांचं व्याख्यान चाले. "पयले लेकरं येत. खरूज झाली, घसा धरला, का थोड्या दिसांनी तोंड सुजून हाजर. बहुतेक बरेही होऊन जात. आता ते कमी झाले. आता येते कोण, तं खाऊनपिऊन सुखी माणूस. साखरवाला, बीपीवाला. दुखत काही नाही, अन् गुर्दे आतल्या आत सुकून राहिले."

बीपीवाल्यांपाशी आले की ते आवाज उतरवत, कारण आत त्यांची बायको, आमच्या काकू, असत. काकूंना बरीच वर्षं ब्लडप्रेशर होतं. बाबारावांनी घरातलं मीठ कुलपात ठेवलं होतं. काकू आमच्याकडे येऊन लोणच्याची फोड मागत, आणि माझ्या बायकोनं दिली नाही की रुसत.

एकदा मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. रिवाजाप्रमाणे माझी नडगी पास झाली. तेवढ्यात काकू आतून आल्या, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि लुगडं घोट्यावरून जरासं वर घेतलं.

"अजी, साऱ्या मोहल्ल्याचे पाय पाहता. माहे काहून नाही पाहत?"

बाबाराव कूलरकडे बघत राहिले. "तुहे काय पाहाचे?"

"जोडवे रुतून राहिले सकाळपासून."

मग माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत काकूंपुढे वाकताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"मले भेव लागते वं," ते म्हणाले.

काकूंनी पाय मागे घेतला नाही. शेवटी बाबाराव खाली बसले, चष्मा सावरला आणि काकूंच्या नडगीवर अंगठा ठेवला. माझ्या पायावर ठेवतात त्यापेक्षा कितीतरी हलका. पण तो उचलेनात.

"उचला ना," काकू म्हणाल्या.

"थांब वं थोडी."

काकूंनी हळूच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या दोघांची फार माया आली आणि तिथं बसवेना. फाटक लावताना मागे पाहिलं, तर अंगठा अजून तिथंच होता.